दाजींची मैफल आणि थ्री फेजची लाईट

एकाच गाण्यातून दीडशे माणसं उठून जाण्याचा ओढेवाडीतला विक्रम माझ्या नावावर आहे. तो अजून कोणी मोडलेला नाही. मीही नाही, कारण त्यानंतर मला तिथे एवढी माणसं एका जागी पुन्हा मिळालीच नाहीत.

ओढेवाडी ही माझी सासुरवाडी. वाघोली मागे टाकून तासभर गेलं आणि डांबर संपलं की आलीच. मी स्वतः येरवड्यात राहतो. (तुरुंगाच्या बाहेर. येरवडा म्हटलं की लोक चेहरा न्याहाळायला लागतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.) सरकारी कचेरीत चौतीस वर्षं फायली इकडून तिकडे केल्या आणि निवृत्त झाल्यावर पेटी आणि गाण्याच्या क्लासला नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार वाजवलं.

"दुरुस्तीला कधी टाकताय?"

"काय?"

"जे काही आहे ते."

एवढं बोलून ते गेले. पुण्यात कलावंताची कदर अशी दारात येऊन होते.

त्यामुळे एप्रिलमध्ये माझ्या मेहुण्याचा, म्हणजे दत्ताचा फोन आला तेव्हा मला गहिवरून आलं. दत्ता ओढेवाडीच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे. "दाजी," तो म्हणाला, "मे महिन्यात पोरांचा वर्ग घेतोय. सकाळी हिरीत पवायचं, मग लेझीम, आन दुपारच्याला गाणं. पवायला मानूस हाय, लेझमीला गुरुजी हायत. गाण्याला तुमी या. शेवटच्या दिशी शाळंच्या पटांगणात कार्यक्रम ठिवू."

"कार्यक्रम नाही रे दत्ता," मी म्हणालो. "मैफल."

माझी बायको मंगल शेजारीच भाजी निवडत होती. तिने नुसतं वर पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली की बाईला बोलावं लागत नाही.

आता ओढेवाडीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तिथे एका घरचा जावई हा अख्ख्या गावाचा जावई. मला तिथे नावच नाही. किराणावाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना मी 'दाजी'. पाटावर पहिला मी, पानात तूप पहिलं माझ्या, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जावयाला 'नाही' म्हणायचं नाही. मागे एकदा मी तिथे बैलगाडी उलटी जुंपायला सांगितली होती. बैलांनी माझ्याकडे पाहिलं, पण माणसं म्हणाली, "बरोबर हाय दाजींचं."

अशा गावात मी गाणं शिकवायला गेलो!

वर्गात वीस-बावीस पोरं आणि एक विद्यार्थिनी बहात्तर वर्षांची. ती म्हणजे माझ्या सासूबाई. पहिल्या दिवशी त्या नऊवारीचा ओचा खोचून पुढच्या रांगेत येऊन बसल्या आणि म्हणाल्या (मला 'बापू' म्हणणाऱ्या गावात त्या एकट्याच), "बापू, मला बी शिकवा. मला माइकवर एक ओवी म्हणायचीय. एकदाच."

"एकच का, आई? दहा म्हणा!"

"एकच. चंद्रासाठनं."

चंद्राबाई ही त्यांची बालमैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, चाळीस वर्षं एका जात्यावर दळल्या. दळताना एकीने ओवी म्हणायची आणि दुसरीने उलटून जोडायची. आता चंद्राबाई ओढ्यापलीकडे वस्तीवर असते. दोन्ही गुडघे गेले, ती येऊ शकत नाही. सासूबाईंना ओढा उतरवत नाही. सहा महिने भेट नव्हती.

"मग तुमचं गाणं मी मोबाईलवर घेतो," मी म्हणालो, "नंतर तिला ऐकवू."

"तसलं नगं. म्या म्हणताना तिनं ऐकाय पायजे. तुमी टाकीवरचा कर्णा लावा की. वस्तीपातूर जातुया आवाज."

पाण्याच्या टाकीवर ग्रामपंचायतीचे चार कर्णे आहेत. मी हसलो. (ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.) "आई, मैफल कर्ण्यावर होत नसते. कर्ण्यावर लसीकरणाची सूचना देतात. मी पुण्याहून चांगले स्पीकर मागवलेत. त्यांचा आवाज मऊ असतो, लांब जात नाही."

सासूबाई "बरं" म्हणाल्या. जावयापुढे दुसरं काय म्हणणार?

पुढचे तीन आठवडे मी हवेत होतो. मी पोरांना भूप राग शिकवला. भूप रागात पाचच सूर असतात. मी त्यात दोन-तीन पदरचे घालत असे. पारावर बसलेली माणसं खिडकीशी येऊन माना डोलवत. "वा दाजी! लईच!" तबल्याला बबन होता. एरवी तो ढोलकी वाजवायचा, आणि उरलेल्या वेळात दोन एकर ऊस बघायचा. माझी तान कुठे संपणार हे मलाच माहीत नसे, तरी बबन प्रत्येक वेळी सम आल्यासारखी मान हलवून, "क्या बात है, दाजी!" म्हणायचा. मला वाटायला लागलं, इतकी वर्षं मी पुण्यात उगाच वाया गेलो.

सासूबाईंची ओवी तेवढी बसेना. त्या म्हणायच्या त्यांच्या सुरात, मी पेटीवर 'काळी चार' धरून बसायचो. "आई, सूर धरा." त्या गप्प व्हायच्या, पुन्हा सुरू करायच्या, पुन्हा माझी पेटी आडवी यायची. शेवटी शेवटी तर त्या ओवी म्हणण्याआधी धीर यायला सुपारी मागू लागल्या.

मैफलीच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम केली. पुण्याचे स्पीकर लावले, विजेवरचा तानपुरा लावला. तानपुऱ्याने 'सा' असा लावला की बाहेरचं कुत्रं उत्तर द्यायला लागलं. व्होल्टेज कमी! मी ताबडतोब वायरमनला बोलावलं. संपत नावाचा भला माणूस. खांद्यावर दोर, हातात पक्कड.

"संपत, परवा संध्याकाळी सहा वाजता मला पूर्ण लाईट पाहिजे."

"घरची लाईट असतीयाच की, दाजी."

"ही असली मरतुकडी नको. फुल लाईट!"

संपतचा चेहरा जरा कसनुसा झाला. "फुल मंजी... थ्री फेज?"

"जेवढ्या असतील तेवढ्या फेज दे!"

"सांजच्याला सा वाजता? नक्की, दाजी?"

"नक्की."

"सबस्टेशनवर माझा साडू हाय. सांगतो त्याला. पर... गावाला आधी कळवू का?"

"अजिबात नको," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो. "लोकांना सुखद धक्का बसू दे."

संपतने एकदा आभाळाकडे पाहिलं. मग जावयाचा शब्द म्हणून मान हलवून निघून गेला.

मैफलीचा दिवस उगवला. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, मागे बायकांसाठी खुर्च्या, स्टेजवर हार घातलेला माइक. कार्यक्रमपत्रिका मी स्वतः तयार केली होती. आधी सत्कार, मग माझा भूप (पाऊण तास), मग मुलांचं समूहगान, आणि शेवटी सासूबाईंची ओवी.

मंगल कागद वाचून म्हणाली, "आईला आधी म्हणू दे ना. तुमचा पाऊण तास ऐकून लोक दमतील."

"शेवटचा मान मोठा असतो, मंगल."

"मग तुम्ही शेवटी गा."

"लोक उठून गेले तर?" हे माझ्या तोंडून निसटलं. मी घाईघाईने झब्ब्याचं बटण लावायला घेतलं.

सत्कार साडेपाचला सुरू झाले. सरपंचांनी माझा केला, मी गुरुजींचा केला, गुरुजींनी पोहणं शिकवणाऱ्याचा केला, त्याने दत्ताचा केला, दत्ताने सरपंचांचा केला. एक शाल आणि एक नारळ उरला तेव्हा मी संपतला वर बोलावलं. "आजच्या मैफलीला खरा प्रकाश हे देणार आहेत!" टाळ्या पडल्या. संपत शाल पांघरून, नारळ पोटाशी धरून पहिल्या रांगेत जाऊन बसला. त्याला एवढा घाम का फुटलाय हे मला समजलं नाही.

सहाला मी 'सा' लावला. दीडशे माणसं चिडीचूप. सासूबाई स्टेजच्या कडेला ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेल्या. मी डोळे मिटले. (हीच चूक. गाताना माणसाने डोळे उघडे ठेवावेत.)

आणि शाळेमागची पिठाची गिरणी धडधडत सुरू झाली.

ती गिरणी थ्री फेजवर चालते. थ्री फेज आली हे कळायला ओढेवाडीत घड्याळ बघत नाहीत, गिरणीचा आवाज ऐकतात. शेतातल्या मोटारींनाही तीच लाईट लागते. घरात दिवे दिवसभर असतात, पण मोटारीची लाईट येते ती ठरलेल्या तासांत, आणि त्या महिन्यात ती रात्री अकराला येत होती. गाव पंधरा दिवस रात्र-रात्र जागून, डोळे चोळत, साप-विंचू चुकवत उसाला पाणी पाजत होतं. ते आज दिवसाढवळ्या, सहा वाजता, न मागता आलं होतं!

मला यातलं तेव्हा काहीही माहीत नव्हतं. मला एवढंच ऐकू आलं की माझ्या पहिल्या आलापाबरोबर पटांगणात फोन वाजायला लागले. एक, पाच, वीस, पन्नास! हल्ली मोटारी आपोआप सुरू होतात आणि मालकाला फोन करून सांगतात. प्रत्येक खिशातून एकच बाई बोलत होती : "आपला पंप सुरू झाला आहे. आपला पंप सुरू झाला आहे."

मोटार आपोआप सुरू होते, पण पाणी आपोआप वळत नाही. वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडावं लागतं. तिथे माणूस नसला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं आणि भांडण तीन पिढ्या चालतं.

मी डोळे उघडले तेव्हा अर्धं पटांगण उभं होतं. मला वाटलं, दाद! उभं राहून दाद! मी हात जोडले.

"दाजी, आलोच," पहिली रांग म्हणाली आणि पळाली.

"दाजी, लई ग्वाड," दुसरी रांग म्हणाली आणि पळाली.

पळतानाही ओढेवाडीने जावयाचा मान सोडला नाही. प्रत्येकजण स्टेजसमोर येऊन वाकत होता, हात जोडत होता आणि मग धूम ठोकत होता. सरपंच गळ्यातल्या हारासकट गेले. गुरुजी गेले, त्यांनीही मका केलेला. लेझीमवाली पोरं बापांच्या मोटरसायकलींवर मागे बसून गेली. बायका खुर्च्या घडी करून, नीट रचून ठेवून गेल्या. मी बबनच्या आधाराने तान पुढे रेटली, आणि बाजूला बघतो तर तबला आहे, बबन नाही! तबल्यावर हातोडी तेवढी ठेवलेली. साडेसहाच्या आत दीडशे माणसांची मैफल चार माणसांवर आली. मंगल, दत्ता, सासूबाई आणि पहिल्या रांगेत शाल-नारळ घेतलेला संपत. त्याला शेत नव्हतं.

"दाजी," संपत बारीक आवाजात म्हणाला, "व्होल्टेज बरं हाय का आता?"

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी रिकाम्या सतरंज्यांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तसं बी चंद्राला ऐकू जानार नव्हतंच."

कर्णा नको म्हणणारा मीच होतो. पण माणसाला स्वतःची चूक कळली की तो आधी दुसऱ्यावर ओरडतो. मी मंगलवर ओरडलो. माइक समोर होता, पण मऊ आवाजाच्या स्पीकरसमोर ऐकायला होतं कोण?

"काय हे तुझं गाव! गाण्यातलं ओ की ठो कळत नाही! आणि तो बबन! तबला वाजवतो की पाखरं हाकलायला डबा बडवतो? तीन आठवडे सहन केलं मी!"

"तुम्ही सहन केलं?" मंगल कमरेवर हात ठेवून स्टेजवर चढली. "आणि तुम्ही कोण मोठे उस्ताद? पहिल्या परीक्षेला दोनदा बसलात!"

"हळू बोल!"

"कोण ऐकतंय इथे?"

मी आजूबाजूला पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. मग मीही खाली बसलो आणि मनातलं बोलून टाकलं. "दोनदा नाही गं. तीनदा. आणि तिसऱ्यांदाही क्लासचे गुरुजी म्हणाले, वयाकडे बघून पास करतोय."

तेवढ्यात वाटलं, आपलाच आवाज आभाळातून परत येतोय. 'वयाकडे बघून पास करतोय... करतोय... करतोय...'

मी टाकीकडे पाहिलं. दत्ता शिडीवरून खाली उतरत होता.

"दाजी," तो धापा टाकत म्हणाला, "मानसं शिवारात गेली तर गानं शिवारात धाडू म्हनलं. चारी कर्णे जोडले. आईची ओवी चंद्रामावशीला बी जाईल."

"कधी जोडलेस?" मी माइकवर हात झाकत विचारलं.

"झाली की पाच मिंटं."

माझा फोन वाजला. बबन! मागून पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता.

"दाजी, डबा म्हनलासा व्हय?"

"अरे बबन, तसं नाही—"

"न्हाई, डबा तर डबा. पर खनखनीत हाय का न्हाई?" आणि तो एवढ्या जोरात हसला की मागून आणखी दोन-चार रानांतून हसू ऐकू आलं. सगळं शिवार ऐकत होतं. पाणी धरलेल्या दीडशे माणसांनी माझा निकाल वयासकट ऐकला होता.

मी सासूबाईंसमोर जाऊन बसलो. "आई, चुकलो. मी तुम्हाला आधी म्हणू द्यायला हवं होतं. आणि मला गाता येत नाही, हे तुम्हाला आज कळलं."

"आज?" सासूबाई चकित झाल्या. "बापू, ते तर पैल्या दिशीच कळलं. अख्ख्या गावाला."

"मग कोणी बोललं का नाही?"

"जावयाला कोन बोलनार?" त्या उठल्या, माइकशी गेल्या, आणि मी सवयीने पेटीच्या भात्याला हात घातला तसं वळून अगदी हळूच म्हणाल्या, "तेवढी पेटी मिटा, बापू."

मी पेटी मिटली. माझ्या हातून त्या महिन्यात झालेलं ते एकमेव सुरेल काम.

मग सासूबाईंनी ओवी म्हटली. पातळ, कापरा, पण सरळ जाणारा आवाज. टाकीवरून तो ओढ्यापलीकडे गेला :

"विहीर खणिली बाई, पाणी लागेना लागेना,
सई चंद्रा आली भेटी, झरा मावेना मावेना..."

गिरणी बंद झाली. गिरणीवाल्याने ती मुद्दाम बंद केली होती. सगळीकडे फक्त पाटाच्या पाण्याचा आवाज. सासूबाई थांबल्या आणि ओढ्याकडे बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मंगलचा फोन वाजला. पलीकडे चंद्राबाईंची सून. "ताई, आत्याबाई उठून बसल्याती! फोन द्या म्हनत्याती!" आणि मागून एक खडा आवाज : "आगं ए! अर्धीच सोडलीस की! उलटून कोन म्हननार, जावई?"

मंगलने फोन स्पीकरवर टाकून माइकला लावला. पुढे अर्धा-पाऊण तास या टोकाने सासूबाई आणि त्या टोकाने चंद्राबाई, ओवीला ओवी! तिसऱ्या ओवीपासून चंद्राबाईंनी तीन परीक्षांचा जावई ओवीत घातला. रानारानांतून हाळ्या येऊ लागल्या, "पुन्यांदा! पुन्यांदा!" संपतने दाद म्हणून नारळ फोडला आणि आम्हा चौघांना वाटला. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. माझ्यावरच्या एकूण सात ओव्या झाल्या. (सगळ्या माझ्यापेक्षा सुरात होत्या.)

या गोष्टीला वर्ष होत आलं. मी पेटी कपाटावर ठेवून दिली होती. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले की "झाली वाटतं दुरुस्ती" एवढंच म्हणतात. आणि परवा अचानक दत्ताचा फोन आला.

"दाजी, औंदा मैफल कधी?"

माझा कानांवर विश्वास बसेना. "खरंच ठेवायची? लोक येतील?"

"गाव माझ्या मागं लागलंय, दाजी! रोज इचारत्यात, दाजी कधी येनार. तुमीच पायजे. दुसऱ्या कुनाचं चालायचं न्हाई."

मी गहिवरून पेटी खाली काढली, फुंकर मारून धूळ उडवली. "बरं, या वेळी कुठला राग बसवू?"

"राग कुठला बी चालंल. फकस्त तारीख लवकर सांगा आन संपतला तुमीच फोन करा. जावयाला त्यो न्हाई म्हनत न्हाई."

मी फोन ठेवला आणि शक्य तितक्या सहजपणे आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणालो, "मंगल, गावाला माझ्या गाण्याची तहान लागलीय."

"गावाला नाही, उसाला," ती आतून म्हणाली.

दत्ताशी बोलताना फोन स्पीकरवर राहिला होता.